पेटी हलली म्हणून खेळ टिकला : आर्केड यंत्रांच्या वाहतुकीची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, "आर्केड गेमची यंत्रं पिकअप ट्रकमधून सुरक्षित कशी न्यायची, यात इतिहास कुठे आला? हा तर हमालीचा विषय झाला." शंका रास्त आहे. पण आम्ही हा विषय मुद्दामच घेतला. व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना आपण नेहमी गेम कोणी बनवला, चिप कोणती होती, धंदा किती झाला, एवढंच सांगतो. १९८० सालचं एखादं पॅक-मॅनचं यंत्र आज संग्रहालयात उभं दिसतं, तेव्हा ते कारखान्यातून तिथवर एका दमात आलेलं नसतं. मधल्या चार दशकांत ते कितीतरी वेळा उचललं गेलं, जिन्यावरून उतरवलं गेलं, कुठल्या तरी गाडीच्या हौद्यात बांधलं गेलं. त्यातल्या एखाद्या फेरीत गाठ सुटली असती, तर आज ते आपल्याला दिसलंच नसतं.

तेव्हा आज आपण दोन गोष्टी बघणार आहोत. पहिली, ही यंत्रं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येत होती म्हणूनच हा धंदा कसा उभा राहिला. आणि दुसरी, तो धंदा बसल्यावर ने-आण करायचं काम व्यावसायिकांच्या हातून हौशी माणसांच्या हातात कसं आलं, आणि ते नीट करायचं म्हणजे काय करायचं.

आधी शब्दाचा खुलासा करू. आर्केड यंत्र म्हणजे साधारण माणसाएवढी उंच लाकडी पेटी. डोक्यावर आतून उजळणारी गेमच्या नावाची पाटी, तिच्याखाली पिक्चर ट्यूब, कमरेच्या उंचीला दांडा आणि बटणं, आणि खाली नाणं टाकायचं छोटं दार. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी सुट्टीतले पैसे उडवलेत, त्यांना ती डोळ्यांसमोर येईल. इंग्रजीत तिला कॅबिनेट म्हणतात. आपण सोयीसाठी सरळ पेटीच म्हणू.

एक हलू शकत नव्हती, एक हलू शकत होती

सुरुवात १९७१ सालापासून करू. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ट्रेसिडर युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीत त्या वर्षी 'गॅलक्सी गेम' नावाचं यंत्र बसलं. बिल पिट्स आणि ह्यू टक या दोघांनी ते बनवलं होतं. दहा सेंटचं नाणं टाकायचं आणि अवकाशयानांची लढाई खेळायची. मुलांच्या रांगा लागायच्या. पण त्या पेटीमागे पीडीपी-११ हा खराखुरा मिनीसंगणक होता. पहिल्या यंत्राचाच खर्च सुमारे २०,००० डॉलरवर गेला. दहा-दहा सेंटांनी हा पैसा परत कसा यायचा? शिवाय असलं यंत्र आज या कॅन्टीनमध्ये, उद्या त्या बारमध्ये नेऊन ठेवावं, असं नव्हतं. ते त्या इमारतीचं झालं. १९७९ पर्यंत तिथेच राहिलं, लोकांनी मनापासून खेळलं, पण त्यातून धंदा उभा राहिला नाही.

त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी जवळपास तशाच खेळाचं 'कॉम्प्युटर स्पेस' तयार केलं. नटिंग असोसिएट्स या कंपनीने ते बाजारात आणलं. त्यात संगणक नव्हताच. साध्या लॉजिक चिपांची पाटी, टीव्हीचा पडदा आणि भोवती फायबरग्लासची गोलाईदार पेटी, एवढंच. ते फारसं गाजलं नाही, पण गाडीत घालून कुठेही नेता येत होतं. नुसता प्लग लावला की चालू. आमच्या मते व्हिडिओ गेमच्या धंद्याची पायाभरणी इथे झाली. गेम तर दोन्हीकडे होता. फरक होता तो पेटी सुटी होण्याचा.

पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, बुशनेल आणि डॅबनी यांनी ॲटारी काढली. त्यांचा अभियंता ॲलन अल्कॉर्न याने 'पॉन्ग' बनवला. दुकानातून आणलेला तयार कृष्णधवल टीव्ही एका लाकडी खोक्यात बसवला आणि ते खोकं सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये नेऊन ठेवलं. हाच बार का? तर ॲटारीची पिनबॉलची यंत्रं काही ठिकाणी लावलेली होती आणि हा बार त्यांच्या रोजच्या फेरीतला होता. पुढची गोष्ट प्रसिद्धच आहे. थोड्याच दिवसांत यंत्र बिघडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने जाऊन बघितलं, तर बिघाड काहीच नाही. नाणी साठवायचा डबा तुडुंब भरला होता, त्यामुळे नवीन नाणं आत जात नव्हतं.

ही गोष्ट नेहमी गेमच्या यशाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातली आणखी एक गोष्ट आपण लक्षात घेऊ. बार एकाचा आहे, यंत्र दुसऱ्याचं आहे. यंत्रवाला अधूनमधून येतो, गल्ला उघडतो, दुरुस्ती करतो, आणि यंत्र चालत नसेल तर उचलून दुसरीकडे ठेवतो. पेटीचा मुक्काम तिथे तात्पुरता आहे.

फेरीचा धंदा

ही पद्धत ॲटारीने शोधलेली नाही. अमेरिकेत ज्यूकबॉक्स आणि पिनबॉलचा धंदा त्याआधी कित्येक वर्षं अशाच रीतीने चालत होता. कारखाना यंत्र बनवणार, वितरक ते विकणार, 'ऑपरेटर' नावाचा धंदेवाला ते विकत घेणार आणि बार, हॉटेल, लाँड्री, किराणा दुकान असल्या ठिकाणी लावणार. गल्ल्यात जे जमेल ते बहुधा निम्मं जागेच्या मालकाचं, निम्मं ऑपरेटरचं. अशी दहा-वीस ठिकाणं मिळून ऑपरेटरचा 'रूट' व्हायचा. आपल्याकडच्या दूधवाल्याची किंवा पेपरवाल्याची जशी लाइन असते, तसाच.

या धंद्याला गाडी हवीच. फोर्डने १९२५ साली आपल्या मॉडेल टीवर कारखान्यातच हौदा बसवून पिकअप विकायला सुरुवात केली. पुढच्या काळात अमेरिकेतल्या शेतकऱ्याला, सुताराला, प्लंबरला पिकअप जशी हाताशी असायची, तशीच ती रूटवाल्यालाही सोयीची झाली.

पिनबॉलचं यंत्र वाहतुकीच्या दृष्टीने समंजस आहे. चार पाय बोल्ट काढून सोडवता येतात. मागचं उभं डोकं आडवं दुमडता येतं किंवा वेगळं करता येतं. राहिला तो चपटा खोका, हौद्यात आडवा बसतो. व्हिडिओ गेमच्या पेटीचं तसं नाही. ती एकसंध आहे. पिक्चर ट्यूब जड आणि नाजूक, ती खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला हवी, म्हणून पेटीच्या वरच्या भागात बसवलेली. खालचा बराचसा भाग पोकळ. म्हणजे वजन वर आणि पोकळी खाली. उभी असताना ती दिमाखात उभी राहते, पण हलवायला गेलात की लगेच डोलायला लागते. पिनबॉलवर हात बसलेल्या माणसांना ही पेटी नव्याने शिकावी लागली.

मग लाट आली. १९७८ मध्ये जपानच्या तायतो कंपनीचा 'स्पेस इनव्हेडर्स' आला, तोमोहिरो निशिकादो यांचा. १९८० मध्ये नामकोचा 'पॅक-मॅन', तोरू इवातानी यांचा. अमेरिकेत हे दोन्ही गेम मिडवे या कंपनीने काढले. पाव डॉलरची नाणी, म्हणजे त्यांच्याकडच्या पावल्या, पोत्यांनी जमू लागल्या. पण ऑपरेटरची एक अडचण होती. नवीन गेम एका जागी काही आठवडे भरपूर कमावतो, मग तिथली नेहमीची मुलं त्याला कंटाळतात आणि गल्ला उतरतो. यावरचा उपाय जुनाच होता : या जागेची पेटी त्या जागी, त्या जागेची या जागी. त्यामुळे पेटीचं आयुष्य जेवढं खेळण्यात गेलं, तेवढंच गाडीत चढण्या-उतरण्यात गेलं. जुन्या पेट्यांचे खालचे कोपरे बघा. ते झिजलेले आणि फुगलेले असतात. पोरांच्या लाथांनी जेवढं होत नाही, तेवढं ते ढकलगाडीने आणि फाळक्याच्या कडेने झालेलं असतं.

१९८३ च्या आसपास धंदा उतरला. नवी पेटी घेणं परवडेना. मग 'कन्व्हर्जन किट' आली. जुन्या पेटीतली सर्किटची पाटी काढायची, नवी घालायची, नावाची पाटी बदलायची, बाजूच्या चित्रांवर रंग फासायचा किंवा स्टिकर चिकटवायचं. जपानमध्ये १९८५ च्या सुमारास 'जॅमा' नावाची ५६ जोडण्यांची एकसारखी पद्धत ठरली आणि हे काम आणखी सोपं झालं. आम्ही याकडे वाहतुकीच्या नजरेने बघतो. सव्वाशे किलोची पेटी नेण्याऐवजी काखेत मावणारी पाटी न्यायची. पैशाच्या हिशेबात ते बरोबरच होतं. पण त्यापायी असंख्य मूळ पेट्यांची चित्रं कायमची झाकली गेली. आज त्यांच्यावरचा रंग हळूहळू खरवडून खालचं चित्र शोधणारे लोक आहेत. जुन्या देवळातल्या शेंदराची पुटं काढून मूर्ती बघावी, तसं.

जहाजात अडकलेल्या पेट्या

ज्या पेट्यांचं ना कन्व्हर्जन झालं ना विक्री झाली, त्या जिथे होत्या तिथे पडून राहिल्या : गोदामात, तळघरात, शेतावरच्या कोठारात. आणि ब्रिटनमध्ये तर चक्क एका जहाजात.

'ड्यूक ऑफ लँकेस्टर' हे बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत बांधलेलं प्रवासी जहाज. १९५६ पासून ते हेशम ते बेलफास्ट अशा फेऱ्या करायचं. १९७९ मध्ये वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, डी नदीच्या मुखाशी, लॅनर्ख-इ-मोर इथे ते कायमचं जमिनीला टेकवलं आणि 'फन शिप' नावाने करमणुकीचं ठिकाण म्हणून उघडलं. आत आर्केडच्या पेट्या लावल्या. काही वर्षांतच तो उद्योग बंद पडला, दारं लागली आणि पेट्या आतच राहिल्या. पाव शतकाहून अधिक काळ.

२०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या हौशी संग्राहकांनी जहाजाच्या मालकाशी बोलणी करून त्या पेट्या विकत घेतल्या. खरेदी तुलनेने सोपी होती. कठीण होतं ते बाहेर काढणं. लोखंडी जहाजाच्या अरुंद वाटा, अंधार, दमट खारी हवा खाऊन ठिसूळ झालेल्या फळ्या. पेट्या आतून उचलून डेकवर आणाव्या लागल्या आणि क्रेनने खाली किनाऱ्यावर सोडाव्या लागल्या. तिथून गाड्यांत भरून त्या देशभरच्या घरांत गेल्या.

हे उदाहरण आम्ही एवढ्यासाठी दिलं, की त्यात सगळा बदल दिसतो. १९८० मध्ये पेटी हलवणाऱ्या माणसाला उद्याचा गल्ला दिसत होता. पेटी मोडली तर दुसरी येईल, कारखाना चालू होता. या लोकांना मात्र गल्ला नको होता. त्यांच्या हातातली पेटी पडली असती, तर तशी दुसरी कुठून आणायची? कारखाना गेला, ती चित्रं छापणारे गेले, आणि आता तर तशा पिक्चर ट्यूबही कोणी बनवत नाही. आज चांगल्या अवस्थेतल्या पेट्यांचा आकडा फक्त एकाच दिशेने जाऊ शकतो. म्हणून ती कशी न्यायची, हा प्रश्न आता हमालीचा राहिलेला नाही.

पिकअपमध्ये पेटी

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. समजा पॅक-मॅनची पेटी आहे. उंची सुमारे पावणेसहा फूट, रुंदी सव्वादोन, खोली पावणेतीन. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. गाडी साधी पिकअप.

पहिलं काम पेटीला हात लावण्याआधीचं. मागचं दार उघडून आत टॉर्च मारायचा. किल्ली हरवलेली असणं हे या पेट्यांच्या नशिबातच असतं, तेव्हा ती आधी मिळवा. आत काय सुटं आहे ते बघा. नाण्यांचा डबा काढून घ्या. तळाशी वीजपुरवठ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे स्क्रू सैल असतील तर प्रवासात तो आतल्या आत तोफगोळ्यासारखा फिरतो. सर्किटच्या पाट्या खाचेत घट्ट आहेत का, ते तपासा. शक्य असेल तर त्या काढून वेगळ्या न्या. आणि पिक्चर ट्यूबचे चारही बोल्ट हाताने हलवून बघा. पण विजेची जोडणी तोडलेली असली तरी ट्यूबच्या तारांना हात लावू नका. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही विजेचा साठा तिच्यात राहू शकतो. ट्यूब काढायचीच असेल, तर ते काम जाणकाराचं.

ट्यूबच्या आत पोकळी असते, हेही विसरायचं नाही. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो या हिशेबाने काच सतत दाबत असते. १९ इंची ट्यूबच्या नुसत्या दर्शनी काचेवर हा भार टनाहून जास्त होतो. दर्शनी काच जाड असते, ती पेलते. नाजूक असते ती मागची बारीक मान. हातोडा लागत नाही, दाराची कड लागली तरी ती तुटते.

दुसरं, पेटीच्या तळाला चार कोपऱ्यांत उंची कमी-जास्त करायचे स्क्रूचे पाय असतात. ते पूर्ण आत फिरवून घ्या. बाहेर राहिले, तर पेटी सरकवताना ते तिरके होतात आणि तळाची फळी फाडतात. बऱ्याच पेट्या लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांच्या आहेत. ती फळी एकदा फाटली की खिळा धरत नाही आणि पाणी लागलं की बिस्किटासारखी फुगते. म्हणून पावसाची शक्यता असेल तर प्लास्टिक हवंच. तेही तळापर्यंत.

तिसरं, चढवणं. दोन माणसं आणि फ्रिज न्यायची पट्टा असलेली दोनचाकी ढकलगाडी. गाडी पेटीच्या मागच्या बाजूने घालायची, म्हणजे कलताना पेटी पाठीवर कलते आणि दांडा-बटणांवर भार येत नाही. मध्ये जाड ब्लँकेट. ढकलगाडीचा पट्टा बटणांच्या पट्टीवरून कधीच न्यायचा नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात वादाचा : पेटी उभी न्यायची की आडवी? थोडं गणित करू. समजा पेटीचा गुरुत्वमध्य तळापासून तीन फुटांवर आहे. तळाची खोली पावणेतीन फूट, म्हणजे अर्धी झाली जवळजवळ एक पूर्णांक चार दशांश. याला तीनने भागलं की ०.४६ येतात. याचा अर्थ, गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहूनही कमी जोराने ब्रेक लागला, तरी न बांधलेली पेटी घसरेल नाहीतर कोलमडेल. रुंदीच्या दिशेने तर ०.३७ लाच. आणि अमेरिकेत मालवाहू गाड्यांसाठी जो सरकारी नियम आहे, त्यात माल पुढच्या दिशेने ०.८ आणि बाजूंना ०.५ एवढा जोर सोसेल असा बांधायला सांगितलेलं आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की "एवढी जड आहे, कुठे जातेय?" या वाक्याचा फोलपणा कळतो. जड वस्तूला जोरही त्याच प्रमाणात बसतो.

आम्ही उभी न्यावी या मताचे आहोत, पण ती बांधून. पेटीची पाठ ड्रायव्हरच्या केबिनला लावायची, मध्ये जुनी गादी किंवा जाड फोम. यातून तीन गोष्टी साधतात. ब्रेक लागला की पेटी पाठीवर टेकते. मागचं दार दाबलेलं राहतं, वाऱ्याने उघडत नाही. आणि केबिनच्या टपावरून पेटीचा जो फूट-दीड फूट भाग वर येतो, त्याच्यावरची नावाची पाटी वाऱ्याच्या आडोशाला राहते. नाहीतर ती पाटी धरून ठेवणारी पट्टी सुटते आणि वेगात चाललेल्या गाडीतून पाटी मागे रस्त्यावर जाते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

पट्टे रॅचेटचे, निदान चार. हौद्याच्या भिंती कमरेइतक्याही उंच नसतात, त्यामुळे नुसत्या त्यांच्या आधाराने पेटी उभी राहत नाही. दोन पट्टे गुरुत्वमध्याच्या वर, तिरके पुढच्या कोपऱ्यांकडे. दोन खाली, तळ सरकू नये म्हणून. जिथे पट्टा पेटीच्या कडेवर येतो तिथे पुठ्ठा किंवा कापडाची घडी. आणि रॅचेट म्हणजे काही उसाचा चरक नव्हे. हौसेने शेवटपर्यंत आवळत गेलात, तर कडेची प्लास्टिकची पट्टी आणि तिच्याखालची फळी दोन्ही दबतात. पेटी आणि गाडी एकत्र हलायला लागली, की पुरे.

उंचीमुळे किंवा लांबच्या प्रवासामुळे आडवी न्यावीच लागली, तर फक्त पाठीवर, खाली भरपूर गादी घालून, आणि ट्यूबची मान मागच्या दारापासून सुरक्षित अंतरावर आहे याची खात्री करून. तोंडावर कधीच नाही. कुशीवरही नको, पेटीचं सगळं वजन त्या बाजूच्या चित्रांवर येतं. 'स्पेस इनव्हेडर्स'सारख्या काही पेट्यांत चित्र थेट दिसत नाही. ट्यूबची प्रतिमा आतल्या काचेवर पडते आणि तिच्यामागे चंद्राचं रंगीत दृश्य असतं. असली काच आत असेल तर पेटी आडवी करण्याआधी ती काढून, कापडात गुंडाळून, केबिनमध्ये कोणाच्या तरी मांडीवर द्या.

निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच थांबून पट्टे पुन्हा ताणायचे. पेटी बसते, ब्लँकेट दबतं, पट्टा सैल पडतो. व्यावसायिक ड्रायव्हरांनाही तिथला नियम पहिल्या ५० मैलांच्या आत माल पुन्हा तपासायला सांगतो. आणि पोहोचल्यावर घाई नको. थंडीतून उबदार घरात आणलेल्या यंत्रावर आत दव धरतं. ते सुकू द्या, आतले सगळे जोड दाबून बघा, मगच प्लग.

पेणहून गणपती आणणाऱ्या टेम्पोवाल्याला यातलं काही नव्याने सांगावं लागणार नाही. त्याला मूर्तीच्या वजनाची काळजी नसते. त्याचं लक्ष असतं ते बोटांकडे, कानांकडे आणि मुकुटाच्या टोकाकडे. जड भाग गाडी सांभाळते, बारीक भाग माणसाला सांभाळावे लागतात.

प्रवासात काय हरवतं

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने इतिहासाचा. पेटी सुखरूप पोहोचली तरी वाटेत काहीतरी हरवलेलं असू शकतं.

जुन्या पेटीचं दार उघडलं, की आत कागद सापडतात. कारखान्याची पुस्तिका, सर्किटचा घडी घातलेला आराखडा, कधी ऑपरेटरने हाताने लिहिलेला गल्ल्याचा हिशेब. दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या धंद्याचं नाव आणि गाव असलेलं स्टिकर असतं. बटणांच्या पट्टीवर सिगारेटचे डाग. हे सगळं म्हणजे पेटीचं दप्तर आहे. कोणत्या गावात, कोणाच्या रूटवर ती फिरली, किती कमावलं, हे कंपनीच्या कागदपत्रांत सापडत नाही, इथे सापडतं. हौशी माणूस पेटी न्यायला येतो, ती हलकी करायला आतला 'कचरा' झटकतो, गाडी धुतल्यासारखी पेटी धुतो, आणि तिची सगळी बखर त्या गावच्या कचराकुंडीत जाते.

म्हणून आमची विनंती अशी : उचलण्याआधी पेटीचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा. निघालेला प्रत्येक कागद एका पाकिटात घाला. विकणाऱ्याला विचारा, ही तुमच्याकडे कुठून आली? उत्तर पेटीचा नंबर घालून त्याच पाकिटावर लिहा. याला दहा मिनिटं लागतात.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला द स्ट्राँग हे खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. न्यू हॅम्पशायरच्या फनस्पॉटमध्ये अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम आहे. इलिनॉयमधल्या ब्रुकफील्ड गावात २०१० पासून गॅलोपिंग घोस्ट नावाचं मोठं आर्केड चालू आहे. तिथे या पेट्या अजून उभ्या आहेत, आणि कितीतरी ठिकाणी चालू अवस्थेत. आपल्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे असतात, त्यांनी जमलं तर जरूर जावं. आणि गेलात, तर खेळून झाल्यावर पेटीच्या खालच्या कोपऱ्यांकडे एकदा वाकून बघा. तिथे ज्या खोका आणि ओरखडे दिसतील, ते तिच्या प्रवासाचे आहेत. ज्या बाजूची चित्रं अजून शाबूत दिसतील, तिथे कोणीतरी पट्ट्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायला विसरलं नव्हतं.

आज इथेच थांबू.